प्रतिस्पर्ध्याचा सराव चोरून पाहणं : बिएल्सांचा दंड, कॅनडाचे ६ गुण

डावा बॅक (धागाकर्ता)

१० जानेवारी २०१९, गुरुवार. इंग्लंडच्या डर्बी काउंटी या फुटबॉल क्लबच्या मूर फार्म सरावकेंद्राच्या कुंपणाबाहेर एक तरुण घुटमळताना दिसला. पोलीस आले, चौकशी झाली, अटक झाली नाही. तो लीड्स युनायटेड या दुसऱ्या क्लबचा कर्मचारी निघाला. दुसऱ्याच दिवशी लीड्सच्या एलंड रोड मैदानावर दोन्ही संघांची गाठ होती आणि लीड्सने २-० असा सामना जिंकला. लीड्सचे प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सांनी काहीच लपवलं नाही. माणूस मी पाठवला, जबाबदारी माझी, असं सांगून मोकळे झाले. १६ जानेवारीला पत्रकारांना बोलावून तासाभराहून जास्त वेळ त्यांनी आपली पद्धत पडद्यावर दाखवली आणि त्या हंगामात प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचा सराव असाच पाहिल्याचंही सांगितलं. १८ फेब्रुवारीला इंग्लिश फुटबॉल लीगने लीड्सला २ लाख पौंड दंड केला. तो बिएल्सांनी स्वतःच्या खिशातून भरला.

सराव पाहू नये असा स्पष्ट नियम तेव्हा नव्हता. क्लबांनी एकमेकांशी पूर्ण सद्भावनेने वागावं, या कलमाखाली कारवाई झाली. त्यामुळे 'नियम नव्हता तर गुन्हा कसला' हा वाद आजही निघतो.

दंड योग्यच होता असं माझं मत आहे, पण नेहमी दिलं जातं त्या कारणासाठी नाही. 'गुपित फुटलं, म्हणून लीड्सला फायदा झाला' हे सिद्ध करता येत नाही. नुकसान वेगळ्या जागी होतं. सराव म्हणजे संघाला चुका करायची हक्काची जागा. नवी कॉर्नरची चाल पहिल्या चार वेळा फसतेच: जवळच्या खांबाकडे धावणारा लवकर निघतो, अडवणारा चुकीच्या माणसापुढे उभा राहतो, चेंडू कमी उंचीवर येतो. पाचव्या-सहाव्या वेळी ती जमते. कुंपणाबाहेर कोणी आहे असा नुसता संशय आला तरी प्रशिक्षक ती चाल करून घ्यायचंच टाळतो. शेवटच्या दिवशीचा सराव मुळात तासाभराचा, त्यातली सेट पीसची (कॉर्नर, फ्री किक यांच्या ठरवलेल्या चालींची) वीस मिनिटं अशी वाया जातात. पाहणाऱ्याला काय मिळालं हा पुढचा प्रश्न. ज्याला पाहिलं जातंय त्याचा सराव त्याआधीच बिघडलेला असतो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण २०१८ च्या विश्वचषकाआधीचं. दक्षिण कोरियाचा संघ ऑस्ट्रियात लेओगांगला सराव करत होता आणि स्वीडनचा एक निरीक्षक जवळच्या घरातून ते पाहत होता. दुसरीकडे कोरियाचे प्रशिक्षक शिन ते-योंग यांनी सरावसामन्यांत सोन ह्युंग-मिनसारखे ओळखीचे चेहरे सोडून बाकीच्यांना दुसऱ्यांचे क्रमांक घालायला लावले, पाहणाऱ्यांचा गोंधळ उडावा म्हणून. विश्वचषक तोंडावर असताना संघाची शक्ती कुठे खर्च होत होती ते बघा.

मतं मांडा. विरोधी असतील तर जास्त बरं.

कुंपणाबाहेर

मांडणी चांगली आहे, पण पटली नाही.

तुमच्याच उदाहरणाचा शेवट तुम्ही सांगितला नाहीत. १८ जूनला स्वीडन जिंकलं ते १-० ने, व्हीएआर (पंचांची व्हिडिओ तपासणी) पाहून मिळालेल्या पेनल्टीवर. ग्रँक्विस्टने ती मारली. घरात बसून सराव पाहिल्याचा त्या गोलशी काय संबंध? बिएल्सांचंही तेच. प्रतिस्पर्ध्याच्या एका सामन्याच्या विश्लेषणाला त्यांच्या माणसांना चार तास लागायचे आणि डर्बीचे ५१ सामने त्यांनी बघितले होते. म्हणजे दोनशे तासांचं काम. त्यापुढे कुंपणाच्या फटीतून दिसलेला एक तास म्हणजे काय? त्यांनी स्वतःच सांगितलं की लागणारी सगळी माहिती सराव न पाहताच मिळते. पाहिलं नाही तर जिवाला स्वस्थता नसते, म्हणून पाहतो.

१६ जानेवारीलाच पत्रकारांसमोर त्यांनी २०१२ च्या कोपा देल रे या स्पॅनिश चषकाच्या अंतिम सामन्याची आठवण सांगितली. तेव्हा ते अ‍ॅथलेटिक बिल्बाओकडे होते. सामन्यानंतर बार्सिलोनाचं सगळं विश्लेषण त्यांनी बार्सिलोनाचे प्रशिक्षक ग्वार्डिओलांना भेट दिलं, तेव्हा माझ्या संघाबद्दल तुम्हालाच जास्त माहिती आहे, असं ग्वार्डिओला म्हणाले. आणि निकाल? बार्सिलोना ३, बिल्बाओ ०.

मे २०१९ मध्ये लीड्स आणि डर्बी यांची, वरच्या लीगमध्ये जाण्यासाठीच्या प्ले-ऑफची उपांत्य लढत झाली. डर्बीत लीड्स १-० ने जिंकलं, परतीच्या सामन्यात घरच्या मैदानावर ४-२ ने हरलं आणि एकूण ४-३ ने बाहेर पडलं. माहितीचा डोंगर असलेला संघ हरला.

राहिली नीतीची गोष्ट. बिएल्सा अर्जेंटिनाचे राष्ट्रीय प्रशिक्षक होते तेव्हापासून हे करत आले आणि तिकडे त्यावर असा गदारोळ झाला नाही. डिसेंबर २०१८ मध्ये जर्मनीत वेर्डर ब्रेमेनने हॉफेनहाइमच्या सरावावर ड्रोन उडवलं, तेव्हा हॉफेनहाइमचे प्रशिक्षक नागेल्समान यांनी ते फारसं मनाला लावून घेतलं नाही. इंग्लंडमध्ये मात्र अकरा क्लबांनी लीगकडे चौकशीची मागणी केली. हा रीतीरिवाजांतला फरक आहे. एका देशाच्या रीतीला सगळ्या जगाची नीती म्हणू नका.

पडदा आणि दुर्बीण

दोघांनीही एक गोष्ट सोडली: नेमकं काय दिसतं आणि काय दिसत नाही.

जमिनीवरून, कुंपणाजवळून, साध्या दुर्बिणीतून चार गोष्टी कळतात. बिबचे (सरावात गट ओळखायला घालतात त्या रंगीत बंड्यांचे) रंग पाहून उद्याचे अकरा कोण, हे बरंचसं कळतं. फिजिओबरोबर बाजूला कोण पळतोय, म्हणजे कोण दुखापतीतून उठतोय, ते कळतं. फ्री किकवर चेंडूमागे कोण दोघं उभे राहतात आणि कॉर्नरला बचाव माणूस धरून आहे की जागा धरून, हेही कळतं. प्रशिक्षक काय बोलतो ते ऐकू येत नाही. दोन फळ्यांमधलं अंतरही कळत नाही, कारण नजरेच्या पातळीवरून सगळे खेळाडू एका ओळीत चिकटल्यासारखे दिसतात. बचावफळी किती वर येते, प्रेस करताना (चेंडू असलेल्यावर पुढे धावून दबाव आणताना) मधली फळी तिच्यापासून किती लांब राहते, हे वरूनच कळतं. ड्रोनचं खरं मोल इथे आहे. म्हणून ड्रोन आणि कुंपण यांना एकाच मापाने मोजू नये.

ड्रोनची अडचण अशी की छोट्या ड्रोनची बॅटरी साधारण अर्ध्या तासात संपते आणि सराव सव्वा ते दीड तासाचा असतो. मग ते दोन-तीनदा उतरवून पुन्हा उडवावं लागतं. पंख्यांची घरघर शांत मैदानावर लगेच कानावर येते, आणि चालवणारा माणूस फार लांब बसू शकत नाही.

आता 'एक तास म्हणजे काय' याचं उत्तर. 'कुंपणाबाहेर', तुमचे दोनशे तास जुन्या सामन्यांचे आहेत. त्यातून संघाच्या सवयी कळतात. उद्या त्या सवयी मोडून काय करणार आहेत, हे फक्त शेवटच्या दोन सरावांत दिसतं. बदललेला फुलबॅक (कडेचा बचावपटू), तीन जणांची बचावफळी, नवा कॉर्नर. डर्बीचा सामना शुक्रवारी होता आणि माणूस गुरुवारी सापडला. निवडलेला दिवसच सांगतो की शोध कशाचा होता.

कुंपणाबाहेर

दिवसाचा मुद्दा मान्य. पण मग सामन्याच्या आदल्या रात्री जुन्या सहकाऱ्याला फोन करून 'उद्या कोण खेळतंय' विचारणारे खेळाडू? एजंटांकडून फुटणाऱ्या याद्या? ती माहितीही शेवटच्या दिवसाचीच असते. तिच्यावर कोणी २ लाख पौंड दंड लावत नाही. सार्वजनिक रस्त्यावर माणूस उभा केला म्हणून मात्र लीड्सवर लावला.

डावा बॅक

फोनवर जो सांगतो तो स्वतःच्या संघाचा विश्वास मोडतो आणि त्याला शिस्त लावणं त्याच्या क्लबच्या हातात असतं. कुंपणाबाहेरच्या माणसाला डर्बी काय शिस्त लावणार? तिथे लीगलाच मध्ये पडावं लागतं. पोलिसांनी त्याला सोडलं, ते बरोबरच झालं. कायद्याने मोकळं असलेलं सगळं खेळात चालतं असं मात्र नाही.

पेठेतला स्ट्रायकर

कोल्हापुरात पेठांतले तालमींचे संघ उघड्या मैदानावर सराव करतात. कट्ट्यावर बसून कोणीही बघतं, दुसऱ्या पेठेचा माणूसही. त्याला चोरी म्हणत नाहीत, कारण झाकलेलं काहीच नसतं. संघांना ते ठाऊक असतं आणि त्या हिशोबानेच ते सराव करतात. म्हणजे 'सराव पाहणं' वाईट नाही. समोरच्याने बंद केलेलं दार आपण चोरून उघडलं का, एवढंच बघावं. डर्बीच्या कुंपणाशी सापडलेल्या माणसाजवळ पक्कड होती, असं तेव्हा छापून आलं होतं. उघड्या मैदानाकडे बघायला पक्कड लागत नाही.

रविवारची लीग

धाग्यात कॅनडाचा उल्लेख शीर्षकातच राहिला. पॅरिस ऑलिंपिकआधी, २२ जुलै २०२४ ला, सेंट एतिएनमध्ये न्यूझीलंडच्या महिला संघाच्या सरावावर ड्रोन दिसलं. ते कॅनडाच्या चमूतल्या विश्लेषकाचं निघालं. २० जुलैलाही ते उडवल्याचं पुढे आलं. फ्रान्सच्या न्यायालयाने त्याला ८ महिन्यांची स्थगित शिक्षा दिली. २७ जुलैला फिफाने कॅनडाचे ६ गुण कापले, महासंघाला २ लाख स्विस फ्रँक दंड केला आणि प्रशिक्षक बेव्ह प्रिस्टमन, त्यांची सहायक आणि तो विश्लेषक या तिघांवर एक वर्षाची बंदी घातली.

मला हे पटलेलं नाही. तिघांवरची बंदी ठीक, दंड ठीक. पण गुण खेळाडूंचे होते. त्यांनी न्यूझीलंडला २-१, फ्रान्सला २-१ आणि कोलंबियाला १-० असं हरवलं. तीन विजयांचे ९ गुण, हाती आले ३. तरी त्या उपांत्यपूर्व फेरीत पोचल्या आणि जर्मनीकडून पेनल्टींवर हरल्या. त्या गतविजेत्या होत्या. ड्रोन उडवण्यात त्यांच्यापैकी कोणाचाही हात असल्याचं दिसलं नाही.

कलम आणि पोटकलम

इथे मी तुमच्या विरुद्ध आहे. संघाच्या अधिकृत यंत्रणेने मिळवलेला फायदा संघाच्याच खात्यात जातो, मग त्याची भरपाईही त्याच खात्यातून व्हायला हवी. नुसता दंड ठेवला तर श्रीमंत महासंघ तो खर्चात धरतील. गुणांवर गदा आली की पुढच्या वेळी कोणी ड्रोन बाहेर काढायच्या आधी खेळाडूच विचारतील. कॅनडाच्या अपिलावर क्रीडा लवादानेही ६ गुणांची कपात कायम ठेवली.

पण फिफाच्या निर्णयातली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळी आहे. मार्च २०२४ मधला प्रिस्टमन यांचा एक ईमेल त्यात समोर आला. एका विश्लेषकाने नैतिक कारणाने हेरगिरी करायला नकार दिला होता आणि याचं काय करायचं, असा सल्ला त्यांनी मनुष्यबळाचं काम पाहणाऱ्यांकडे मागितला होता. विश्लेषक हे काम नेहमीच करत आलेत, असंही त्यात होतं. म्हणजे 'नाही' म्हणणारा माणूस त्या चमूत होता आणि प्रश्न त्याच्याबद्दल विचारला गेला, कामाबद्दल नाही. 'कुंपणाबाहेर', तुम्ही रीतीरिवाज म्हणता. त्या रिवाजाची जोखीम कोण उचलतं ते बघा. मूर फार्मला पोलिसांसमोर उभा राहिला तो क्लबचा तरुण नोकर. फ्रान्सच्या न्यायालयाने दोषी ठरवला तो विश्लेषक. बिएल्सांनी निदान दंड स्वतः भरला आणि जबाबदारी घेतली, म्हणून त्यांच्याबद्दल मला आदर आहे. बाकीच्या ठिकाणी ही जोखीम सगळ्यात खालच्या पायरीवरचा माणूसच उचलतो.

कुंपणाबाहेर

हा मुद्दा माझ्याकडे नव्हता. नकार देणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण हवं, याला माझा पूर्ण पाठिंबा. तरीही पाहणंच अनैतिक आहे हे मी अजून मानत नाही. प्रशिक्षकाने स्वतः डोंगरावर चढून दुर्बीण लावली तर?

कलम आणि पोटकलम

इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये आता तेही चालणार नाही. लीड्स प्रकरणानंतर त्यांनी नियम केला: दोन क्लबांच्या सामन्याआधीच्या ७२ तासांत एकाने दुसऱ्याचा सराव प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष पाहायचा नाही, पाहायचा प्रयत्नही करायचा नाही. त्यामुळे प्रशिक्षक स्वतः गेला काय किंवा भाड्याने माणूस पाठवला काय, दोन्ही सारखंच.

पडदा आणि दुर्बीण

७२ चा आकडा विचार करून घेतलेला दिसतो. शनिवारी दुपारी सामना संपला आणि पुढचा मंगळवारी रात्री असला, तर मधली जवळजवळ सगळी तयारी त्यात येते. अडचण पूर्ण आठवड्याची आहे. शनिवार ते शनिवार अंतर असेल तेव्हा काही प्रशिक्षक नवी रचना मंगळवारीच अकराविरुद्ध अकरा खेळवून बसवायला घेतात. मंगळवारी सकाळचा सराव सामन्यापासून शंभर तासांच्या आसपास, म्हणजे नियमाच्या बाहेर. तेव्हा पाहणाऱ्यावर ७२ तासांचं कलम लागत नाही, पुन्हा ते सद्भावनेचं जुनंच कलम काढावं लागेल.

डावा बॅक

मग तासांची मोजणी काढून नियम सरळ 'बंद सराव' या शब्दावर बांधावा, असं मला वाटतं. क्लबने हंगामाच्या सुरुवातीला आपलं सरावकेंद्र बंद असल्याचं लीगला लेखी कळवायचं आणि चाहत्यांसाठी खुले असलेले दिवस आधी जाहीर करायचे. खुल्या दिवशी प्रतिस्पर्ध्याचा माणूसही रांगेत येऊन बसला तर हरकत नसावी.

पेठेतला स्ट्रायकर

आणि छोट्या क्लबांचं? ज्यांचा सराव शाळेच्या किंवा नगरपालिकेच्या मैदानावर होतो, ज्यांच्याकडे कुंपणच नाही, ते 'बंद' म्हणून काय कळवणार? त्यांच्यासाठी तासांचाच नियम बरा. तुमच्या नियमात संरक्षण फक्त भिंत बांधू शकणाऱ्याला मिळतं.

डावा बॅक

हे खरं आहे. माझ्या नियमात हे भोक आहे. तासांचं कलम सगळ्यांसाठी ठेवून 'बंद सराव' त्यावर जोडावा लागेल. पण नगरपालिकेच्या मैदानावर प्रेक्षक कोण आणि हेर कोण, हे ठरवायचं कसं, ते मला अजून सुचलेलं नाही.