मदत हवी आहे: वजनामुळे पांढऱ्या पेशी सतत वाढलेल्या राहतात का?

बहिणीचं वय ३६, उंची ५ फूट २ इंच, वजन ९८ किलो. आठ महिन्यांत तीनदा सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) केली, पांढऱ्या पेशी १२,१००, ११,८०० आणि आता १२,४००, लॅबची वरची मर्यादा ११,०००. आकड्यापुढे ठळक 'एच' (म्हणजे हाय, जास्त) दिसला की तिचे हात गार पडतात, ब्लड कॅन्सर तर नाही ना एवढंच विचारत राहते. ताप नाही, लघवीचं किंवा दातांचं इन्फेक्शन नाही, तंबाखू-सिगारेट नाही, स्टिरॉइड कुठलंच नाही, प्रेग्नंट नाही. न्यूट्रोफिल्स (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) थोडे जास्त, सीआरपीही (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) थोडा वर, हिमोग्लोबिन-प्लेटलेट नॉर्मल, स्मिअरमध्ये (रक्ताचा थेंब काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघतात त्यात) ब्लास्ट म्हणजे अपरिपक्व पेशी वगैरे काही नाही. मधे पाच दिवस अँटिबायोटिक झालं, फरक शून्य, मला तर ते उगाचच दिलं असं वाटतं. आता दुसरे डॉक्टर म्हणतात पोटाच्या चरबीतून आयएल-६ सारखे सूज वाढवणारे पदार्थ सुटतात, अंगात बारीक सूज कायम राहते आणि बोन मॅरो जास्त पेशी बनवतो, वजन उतरलं की आकडा उतरेल. हे पटतंय, पण गुडघे दुखतात म्हणून चालणं जेमतेम वीस मिनिटं होतं, वेळ लागणार. तुमच्यात कोणाला असं झालं असेल तर साधारण किती किलो कमी झाल्यावर आकडा खाली आला, तोवर सीबीसी किती महिन्यांनी करायची, का आत्ताच हिमॅटॉलॉजिस्टना (रक्ताच्या आजारांचे डॉक्टर) दाखवून घ्यावं?