न बघता घेतलेली ऑडी टीटी: लोहचुंबक कुठेच चिकटत नाही, अख्खी गाडी पुट्टीची आहे का?

दुदारी_पुणे

२०१६ ची टीटी ४५ टीएफएसआय, चंदेरी, ४१,००० किमी. दिल्लीच्या डीलरकडून फोटो आणि व्हिडिओ कॉलवर बघून घेतली. २७ लाख, पूर्ण रक्कम बँकेतून. शनिवारी कॅरियरवरून उतरली. जाहिरातीत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर, दोन्हीकडे लेखी आहे: "ओरिजिनल पेंट, नॉन-अ‍ॅक्सिडेंट".

इंजिन, गिअरबॉक्स ठीक वाटतात. बाहेरून मात्र असं:

डावं दार आणि त्यामागचा पत्रा सावलीत एकसारखे दिसतात, उन्हात तिरकं बघितलं की काळपट पडतात. त्याच दाराच्या रबरावर चंदेरी रंगाचे बारीक कण आहेत. पहिल्याच धुण्यानंतर बॉनेटवर गोल गोल जाळी दिसायला लागली, फोटोत बॉनेट आरशासारखं होतं. चारपैकी तीन अलॉयची कड कातीव चकचकीत, डाव्या मागच्याची सपाट राखाडी.

आणि मुख्य म्हणजे फ्रिजचं लोहचुंबक लावून बघितलं, एकाही पत्र्याला चिकटत नाही. डीलर ५०,००० परत देतो म्हणतोय, विषय संपवा म्हणतो. घ्यावेत का? की आधी डिटेलिंग करून, पॉलिश मारून बघू?

---

पत्रा_आणि_पॉलिश

चुंबक फ्रिजवर परत लावा, त्याचं इथे काम नाही. तुमच्या पिढीच्या (८एस) टीटीचा तळ पोलादी आहे, पण बाजूचे पत्रे, छत, बॉनेट, दारं, डिकी सगळं ॲल्युमिनियम. बंपर प्लास्टिकचे. म्हणजे नव्या कोऱ्या गाडीलाही चुंबक चिकटलं नसतं. आधीच्या ८जे मध्ये दारं आणि डिकी पोलादी होती, त्यामुळे तिथे दाराला चिकटतं आणि बॉनेटला नाही. त्यावरूनही लोक घाबरतात.

पॉलिश अजिबात नको. का ते खाली कोणीतरी कायद्याच्या बाजूने सांगेलच, पण पत्र्याच्या बाजूनेही नको: आत्ता जे दिसतंय तो पुरावा आहे, आणि मोजल्याशिवाय रबिंग मारलं तर आधीच पातळ झालेलं क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) कुठे संपेल ते कळणार नाही.

रंगाची जाडी मोजायचं मीटर आणा. दोन-चार हजारांत मिळतं, किंवा एखाद्या डिटेलिंगवाल्याकडून मोजून घ्या. फक्त पोलादावर चालणारं स्वस्त मीटर घेऊ नका, ते तुमच्या गाडीवर काहीच दाखवणार नाही. लोखंडी आणि बिगर-लोखंडी असे दोन्ही प्रकार मोजणारं हवं. सोबत आलेल्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर आधी शून्य करा, मग जाडी छापलेली प्लास्टिकची पट्टी ठेवून आकडा जुळतो का बघा. प्रत्येक पत्र्यावर किमान ८ जागा: चार कोपरे, मध्य, चाकाच्या कमानीची कड, दाराच्या हँडलखाली. आकडे कागदावर लिहा आणि मीटर पत्र्यावर टेकलेलं असताना फोटो काढा.

साधारण ९० ते १५० मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर) म्हणजे कंपनीचा रंग. १८० ते ३०० म्हणजे वरून पुन्हा मारलेला. ५०० च्या पुढे गेलं की खाली लांबी (पुट्टी) आहे असं समजा. एकाच पत्र्यावर आकडा एकसारखा आहे की उड्या मारतोय, हे सरासरीपेक्षा महत्त्वाचं. सगळीकडे २५० म्हणजे कदाचित फक्त ओरखड्यासाठी रंगवलंय. एका हातभर अंतरात २०० वरून ९०० म्हणजे तिथे पोचा भरलाय.

एक फसगत टाळा. पारदर्शक संरक्षक फिल्म साधारण १५० ते २०० मायक्रॉनची असते. ती लावलेली असेल तर चांगला रंगही ३०० दाखवतो. बॉनेटच्या कडेला नख फिरवा, फिल्मची पायरी लागते.

बाकी मीटरशिवाय बघायचं ते:

दार उघडून आतल्या चौकटीत नख आडवं फिरवा. बारीक धारदार कंगोरा लागला तर ती मास्किंग टेपची रेघ. कंपनीच्या रंगात अशी रेघ नसते. बिजागरीच्या बोल्टच्या डोक्यांवर रंग तुटलाय का बघा. पाना लागला की षट्कोनाच्या कोपऱ्यांवरचा रंग आधी जातो.

मागचा स्पॉयलर बटणाने वर करा. एरवी तो १२० किमी वेगाला आपोआप उठतो, म्हणून त्याच्याखालची पट्टी कोणी पॉलिश करत नाही आणि सहसा कोणी रंगवतही नाही. तो तुमचा मूळ शेड. दुपारच्या उन्हात तिचा आणि डाव्या मागच्या पत्र्याचा एकाच फ्रेममध्ये फोटो घ्या.

संध्याकाळी गाडी एका लांब ट्यूबलाइटशेजारी लावून छतावर आणि बॉनेटवर तिचं प्रतिबिंब बघा. रेघ सरळ हवी. रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी वाकडी होत असेल तर गारांचे पोचे. उत्तरेकडच्या उघड्यावर लागणाऱ्या गाड्यांत हे बघायलाच हवं, आणि फोटोत ते कधीच येत नाहीत.

बॉनेटवरची जाळी म्हणजे लबाडी आहे, पण किरकोळ. तेलकट ग्लेझने ओरखडे भरून फोटो काढतात, दोन धुण्यात ते निघून जातं.

---

अर्जदार_क्र_१

कायद्याची बाजू. "आधी पॉलिश करून बघू" हेच करायचं नाही.

वस्तू विक्री कायदा १९३० चं कलम ४१: न बघता घेतलेला माल तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत तुम्ही तो स्वीकारला असं धरलं जात नाही. कलम ४२: विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत काही केलंत, किंवा वाजवी मुदतीत नाकारत असल्याचं कळवलं नाहीत, तर स्वीकारला असं धरतात. रंग काढणं, दार नव्याने रंगवणं, स्वतःच्या नावावर करून घेणं, हे सगळं समोरचा वकील तुमच्याविरुद्ध वापरेल. मोजा, फोटो काढा, याच आठवड्यात ईमेल करा आणि तेच पत्र स्पीड पोस्टने पाठवा. मजकूर कोरडा ठेवा: वर्णन काय होतं, मोजमाप काय आलं, तुमची मागणी काय. कलम १५ हे वर्णनावरून झालेल्या विक्रीचं, तुमचं प्रकरण नेमकं तिथे बसतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचे ते चार शब्द २७ लाखांच्या कागदांइतकेच मोलाचे आहेत. चॅट एक्स्पोर्ट करा, फोन बदलू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

विक्रेता डीलर आहे हे तुमचं नशीब. एखाद्या खासगी मालकाने आपली एकुलती गाडी विकली असती तर ग्राहक आयोगात फारसा उपयोग नव्हता, दिवाणी दावा लावावा लागला असता. इथे जिल्हा आयोग चालेल: दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत, मुदत २ वर्षं, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो तिथे, म्हणजे पुण्यातच, दाखल करता येते. दिल्लीला खेपा नाहीत. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा, पुष्कळदा तिथेच तडजोड होते.

एक अजून. कॅरियरवाल्याच्या पावतीवर गाडी चढवताना केलेली नोंद बघा. अलॉयचं नुकसान वाटेतलं असेल तर तो वेगळा दावा, आणि वाहतूकदाराला नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांत द्यावी लागते. डीलर हमखास कॅरियरवर ढकलेल. पण रंगाचे कण वाटेत उडत नाहीत.

---

दुदारी_पुणे

दोघांचेही आभार. मोजलं. बॉनेट २९० ते ३०५ (नखाला पायरी लागली, फिल्मच आहे). छत ११० ते १२२. डिकी ११५ ते १२५. उजवं दार ११२ ते १२८, उजवा मागचा पत्रा १०८ ते १३०. डावं दार २३५ ते २७०. डावा मागचा पत्रा वर २६०, चाकाच्या कमानीजवळ ६४० ते १,१८०. छताची ट्यूबलाइटची रेघ सरळ आहे. स्पॉयलरखालचा रंग उजव्या बाजूशी जुळतो, डाव्याशी नाही.

---

पत्रा_आणि_पॉलिश

चित्र स्पष्ट आहे. दार, मागचा पत्रा, डावं मागचं अलॉय: तीन वेगळ्या तक्रारी नाहीत, एकच धडक आहे. काहीतरी दारापासून घासत कमानीपर्यंत गेलं आणि चाकावर संपलं. कातीव अलॉयला लेथवर कड पुन्हा काढावी लागते, ते टाळायला राखाडी फवारलं.

दार सोडून द्या, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. २५० च्या आसपास एकसारखं म्हणजे आत पत्रा शाबूत आहे.

मागचा पत्रा हा खरा प्रश्न. मडगार्डसारखा बोल्ट काढून बदलता येत नाही, तो बॉडीचाच भाग आहे. १,१८० मायक्रॉन म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास थर. पोलादावर एवढी लांबी वर्षानुवर्षं टिकते. ॲल्युमिनियमवर ती खाली काय मारलंय त्यावर टिकते. उघडा ॲल्युमिनियम हवेत लगेच ऑक्साइडचा थर धरतो. घासल्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारून वर लांबी भरली असेल तर ठीक. नेहमीच्या पद्धतीने थेट पत्र्यावर लांबी ओढली असेल, किंवा आधी पोलादावर चाललेल्या घासकागदाने आणि तारेच्या ब्रशने घासलं असेल, तर लोखंडाचे कण आत अडकून गंज सुरू होतो. पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात कडेला सुईच्या टोकाएवढे फोड, मग रंगाखाली अळी सरकल्यासारख्या रेघा. कमानीची आतली कड आरसा धरून बघा, सुरुवात तिथे होते.

पैशांचं बोलण्याआधी दोन गोष्टी करा. डिकीतलं डाव्या बाजूचं अस्तर काढून पत्र्याची आतली बाजू उजवीशी ताडून बघा: हातोडीचे ठसे, नवा सीलंट, तोडून जोडलेली कड. (अस्तर क्लिपांवर असतं, प्लास्टिकच्या पात्याने काढा. तेवढ्याने माल स्वीकारला असं होणार नाही, वकीलसाहेब?) आणि चारही चाकांचं अलाइनमेंट करून नव्हे, नुसतं मोजून छापील कागद घ्या. मागे डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये (समोरून दिसणारा चाकाचा आत-बाहेर कल) मोठा फरक असेल तर धक्का चाकातून सस्पेन्शनपर्यंत गेलाय, आणि मग हा रंगाचा विषय राहत नाही.

---

अर्जदार_क्र_१

तपासणीसाठी अस्तर काढणं चालतं. व्हिडिओ चालू ठेवून काढा आणि परत बसवा.

डीलरकडे मागच्या मालकाची विमा पॉलिसी मागा, सगळ्या वर्षांची. नो क्लेम बोनस २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढतो आणि क्लेम झाला की शून्यावर येतो. मध्येच ४५ वरून शून्य दिसलं तर त्या वर्षी काय झालं ते विचारायचं. बोनस सांभाळणारं ॲड-ऑन घेतलेलं असेल तर मात्र आकडा खाली येत नाही, म्हणून पॉलिसीचं पूर्ण पान बघा. शिवाय चॅसी क्रमांक देऊन अधिकृत वर्कशॉपमधून सर्व्हिसचा इतिहास काढा. त्यात डाव्या बाजूचं काम नसेल तर ते बाहेर झालंय, आणि ॲल्युमिनियमसाठी ती वाईट बातमी.

---

शेड_मॅच

वरच्या दोघांशी बरंचसं सहमत, पण गाडी परत करण्याची घाई नको. कॅम्बर बरोबर निघाला आणि आतला पत्रा तोडलेला नसेल तर गाडी ठेवण्यासारखी आहे. छत, डिकी, उजवी बाजू, सगळा मूळ रंग. दहा वर्षांच्या गाडीत हे सहज मिळत नाही. भांडायचं ते किमतीवर. ५०,००० हा आकडा डीलरने दार आणि पॉलिश धरून काढलेला दिसतो, लांबी धरून नाही. ॲल्युमिनियमची वेगळी खोली आणि वेगळी अवजारं असलेल्या दुकानातून मागचा पत्रा उघडा करून नव्याने करण्याचं लेखी कोटेशन घ्या. त्यात दाराचा रंग, अलॉयची कड आणि पुढे गाडी विकताना कमी येणारी किंमत मिळवा, आणि तो आकडा पत्रात टाका.

काम कसं व्हायला हवं, म्हणजे कोटेशन वाचता येईल. जुना थर १८० नंबरच्या घासकागदाने उतरवून पत्र्यापर्यंत. पोचा ताणून काढताना ॲल्युमिनियम कडक होत जातो, म्हणून हळू आणि हलक्या उष्णतेने. पोलादासारखा ओढला की तडकतो. ३२० ने फिरवून त्याच दिवशी इपॉक्सी. गरज पडली तर त्यावर पातळ लांबी, मग टूके (हार्डनर मिसळून मारायच्या) प्रायमरचे दोन हात, मध्ये १० ते १५ मिनिटं सुकू देऊन. ८०० ने पाणी लावून घासणं. चंदेरी रंगात याहून जाडं घासलं तर रेघा वर येतात.

आता शेड. चंदेरी सगळ्यात हट्टी रंग. डब्यातला रंग बरोबर असूनही पत्रा काळपट दिसू शकतो, कारण ॲल्युमिनियमचे चुरे ओल्या जाड थरात उभे राहतात आणि कोरड्या पातळ थरात आडवे पडतात. तुमच्या गाडीवर तेच झालंय: समोरून जुळतं, तिरकं बघितलं की काळं. रंगाचा कोड बदलून हे सुटत नाही, हात आणि हवेचा दाब बदलून सुटतं. पेंटरला मागच्या पत्र्यावरचा रंग दारात विरवत न्यायला सांगा आणि क्लिअर दोन्ही पत्र्यांवर पूर्ण मारायला सांगा. पत्र्याच्या मधोमध क्लिअर थांबवलं तर वर्षभरात तिथे रेघ दिसते. नंतर भट्टीत ६० अंशांवर अर्धा तास, पत्रा तापल्यापासून मोजून.

गाडीवर फवारण्याआधी कार्डावर नमुना मागा, त्याच बंदुकीने, तेवढ्याच थरांनी, वर क्लिअरसकट. ते कार्ड स्पॉयलरखालच्या पट्टीला टेकवून उन्हात तीन कोनांतून बघा: समोरून, पंचेचाळीस अंशांतून, जवळजवळ आडवं. पेंटर म्हणेल ट्यूबलाइटखाली बरोबर आहे, बाहेर नेऊ नका. न्या.