विषय: लेकीसाठी क्लॅरिनेट – लाकडी, जुनं की प्लास्टिकचं?

मंडळी, नमस्कार.

जूनमध्ये आम्ही मस्कतचं बिऱ्हाड आवरून कायमचे मडगावला जातोय. लेक अकरा वर्षांची. इथे शाळेचं क्लॅरिनेट वाजवते, ते अर्थातच परत द्यायचंय. समोर तीन पर्याय आहेत. इथल्या एका वादकाचं लाकडी क्लॅरिनेट विकाऊ आहे, दिसायला देखणं. दुसरं, गोव्यात बोरीला आमच्या घरी माळ्यावर सासऱ्यांच्या काकांचं जुनं क्लॅरिनेट पडून आहे. ते बँडमध्ये वाजवायचे. तिसरं, नवं प्लास्टिकचं. ह्यांचं म्हणणं, घरात वाद्य असताना विकत कशाला? आणि मला धास्ती पावसाची. जिथे कपाटातल्या चपलांना बुरशी धरते तिथे लाकडी वाद्याचं काय होणार?

लाकडी वाद्य विमानातून न्यायला परवाना लागतो असंही कुणीतरी सांगितलं. जाणकारांनी लिहावं.

– मडगावकर वहिनी, रुवी

---

वहिनी, नमस्कार.

मस्कतच्या मंडळाची खजिनदारी सोडून फोंड्याला आलो, आता वेळच वेळ आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी परवान्याचं. क्लॅरिनेटचं काळं लाकूड म्हणजे ग्रेनाडिला, टांझानिया-मोझांबिककडचं. शिसवाच्याच कुळातलं, म्हणून 2017 च्या जानेवारीत त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले होते. पण तयार वाद्यांना नोव्हेंबर 2019 पासून त्यातून सूट आहे. तेव्हा ती काळजी सोडा.

खरी अडचण आहे हवेची. लाकूड दमटपणाला तितकं घाबरत नाही, एकदम होणाऱ्या बदलाला घाबरतं. मस्कतच्या एसीत सुकलेलं क्लॅरिनेट जूनमध्ये मडगावात उघडलंत की आठ-पंधरा दिवसांत सांधे फुगतात. वरचा आणि खालचा भाग एकमेकांत जाम बसतो, आणि पोरगी तो सोडवायला नेमकी किल्ल्यांनाच (बोटांनी दाबायच्या धातूच्या पट्ट्यांना) धरून पिरगाळते. पुढे डिसेंबर-जानेवारीत सकाळची कोरडी हवा सुटते, लाकूड आकसतं, धातूची कडी सैल होऊन खुळखुळतात. तडा जातो तो बहुधा अशा वेळीच, वरच्या भागात, ट्रिलच्या (दोन स्वर भराभर आलटून वाजवायच्या) किल्ल्यांच्या भोकांपाशी. मोठा वादक हे सांभाळतो. नवं लाकूड तर पहिले काही आठवडे रोज पंधरा-वीस मिनिटांपलीकडे वाजवतही नाहीत. अकरा वर्षांच्या मुलीने शाळेतून येऊन, दप्तर टाकून, खिडकीत उभं राहून वाजवायचं असेल तर हा व्याप तिच्या गळ्यात कशाला?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: गोव्यात पहिलं क्लॅरिनेट प्लास्टिकचंच. ‘प्लास्टिक’ म्हटलं की आपल्याला बादली आठवते, पण हे एबीएस, म्हणजे कडक, दाट राळ. यामाहाचं 255 किंवा बुफेचं प्रॉडिज, दोन्ही ह्याच जातीतली. पहिल्या काही वर्षांत आवाज ठरतो तो फुंक, माउथपीस (तोंडात धरायचा भाग) आणि त्यावर बांधायची वेताची पातळ पट्टी, म्हणजे रीड, ह्यांवर. नळी लाकडाची की कशाची, हा मुद्दा फार पुढचा. पैसे उरले तर चांगला माउथपीस घ्या. व्हँडोरेनचा बी-45 किंवा 5-आरव्ही घेतलात तर फरक तिला पहिल्याच दिवशी कळेल.

गुलाबी, निळी, पांढरी क्लॅरिनेटं ऑनलाइन स्वस्तात दिसतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका. किल्ल्यांचा धातू इतका मऊ असतो की वाकलेली किल्ली सरळ करताना तुटते, आणि दुरुस्ती करणारे हातच लावत नाहीत.

आता निगा. पावसाळ्यात आधी बिघडतात ते पॅड (किल्लीखालच्या, भोक झाकणाऱ्या गाद्या) आणि स्प्रिंगा. स्प्रिंग म्हणजे सुईसारखी पोलादी तार; आपल्या खाऱ्या हवेत गंजते आणि एक दिवस किल्ली उठायचीच थांबते. पॅडवरचा पातळ पापुद्रा ओला राहिला की भोकाला चिकटतो आणि किल्ली सोडताना ‘चट्’ आवाज येतो. सिगारेटचा कोरा कागद पॅडखाली धरून किल्ली हलकेच दाबायची, ओल त्यात उतरते. कागद ओढून काढायचा नाही, पापुद्रा फाटतो.

वाजवून झालं की आतून फडकं फिरवायचं, रोज, कंटाळा आला तरी. फडकं पूर्ण उलगडलेलं हवं. वरच्या भागात आत एक बारीक नळी डोकावते, चुरगळलेलं फडकं तिथेच अडकतं. अडकलं तर जोर न लावता आल्या वाटेने मागे घ्यायचं. सांध्याच्या बुचाला कॉर्क ग्रीस लावायचं, तेही जरासंच. आजी खोबरेल पुढे करतील, त्यांना प्रेमाने नाही म्हणा. दोन्ही भाग जोडताना वरच्या भागाच्या रिंगा (भोकांभोवतीची धातूची वर्तुळं) दाबून धरायच्या म्हणजे दोन भागांना जोडणारी मधली पुलाची किल्ली वर उचलली जाते आणि वाकत नाही. माउथपीस कोमट पाण्यानेच धुवायचा. तो एबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा असतो; गरम पाण्याने ते हिरवट पडतं. आणि पेटी उन्हात उभ्या गाडीत ठेवलीत तर पॅड गोंदासकट सुटून येतील.

माळ्यावरच्या वाद्याचे फोटो पाठवा, मग बोलू.

– माजी खजिनदार, फोंडा

---

खजिनदारसाहेब, मध्येच एक शंका. आमच्या इथल्या एकादशीच्या भजनाला ह्या मुलीने साथ करावी असं फार मनात होतं. पेटीवर माझी पट्टी काळी एक. जमलं असतं का?

– पेटीवाले काका, घुब्रा

---

काका, तिचं क्लॅरिनेट बी-फ्लॅटचं. ते ‘सी’ म्हणून जो स्वर वाजवतं तो पेटीवर काळी पाच. तुमच्या काळी एकसाठी तिला तीन फ्लॅटांच्या (तीन स्वर उतरवलेल्या) सप्तकात वाजवावं लागेल, नवशिक्या बोटांना जड. पांढरी चारला एकच शार्प (चढवलेला स्वर). सुरुवातीला तुम्हीच पट्टी बदला, तुमचं काय बिघडतंय!

– फोंडा

---

खजिनदार भाऊजी, दिरांनी बोरीहून फोटो पाठवलेत, जोडतेय. पेटीतला मखमली कपडा उंदरांनी खाल्लाय, क्लॅरिनेट मात्र शाबूत वाटतं. किल्ल्या शाळेच्या वाद्यापेक्षा कमी आहेत, रिंगा दोनच. कंपनीच्या नावाखाली एच. पी. अशी अक्षरं कोरली आहेत. हे म्हणतात, हा कंपनीचा शिक्का.

– मडगावकर वहिनी

---

वहिनी, तो शिक्का कंपनीचा नाही. एच. पी. म्हणजे हाय पिच. जुने ब्रिटिश लष्करी बँड वरच्या पट्टीला लावलेले असत, ‘ए’ स्वर सेकंदाला 452 कंपनांच्या आसपास. आजची वाद्यं 440 ला लागतात. म्हणजे जवळपास अर्ध्या सेमीटोनाचा, हार्मोनियमच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याचा फरक. बॅरल (माउथपीसखालचा छोटा तुकडा) बाहेर ओढून तो भरून निघत नाही, कारण भोकांमधली अंतरंच त्या पट्टीची आहेत. लेक इतरांसोबत वाजवायला बसली की सतत चढी लागेल आणि दोष तिच्या कानाला येईल.

शिवाय दोन रिंगा आणि कमी किल्ल्या म्हणजे ही किल्ल्यांच्या मांडणीची जुनी अल्बर्ट पद्धत. आपल्याकडच्या बँडवाल्यांत ती बरीच टिकली. लेक शिकली ती बोहम पद्धत, सतरा किल्ल्या नि सहा रिंगांची. बोटं वेगळी पडतात. पणजीला कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागात घाला किंवा लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षेला बसवा, शिक्षक बोहमच शिकवणार. सासऱ्यांच्या काकांचं वाद्य त्यांच्या आठवणीसाठी पुसून नीट ठेवा, पण तिच्या हातात देऊ नका.

प्लास्टिकचं मस्कतमध्येच घ्या आणि सोबत 2 नंबरच्या (हा कडकपणाचा नंबर) रीडची दोन खोकी आणा. इथल्या दुकानांत गिटारच्या तारा हव्या तितक्या मिळतात, रीड हव्या त्या नंबरची मिळेलच असं नाही. तीन-चार रीड आलटूनपालटून वापरायला सांगा. वाजवून झालं की माउथपीसवरून काढून सपाट डबीत. पावसाळ्यात एखादीवर करडे ठिपके दिसले तर ती सरळ फेकायची, घासून परत तोंडात घालायची नाही.

– फोंडा