'दोलिखाइओन' : दीर्घायू की अमर?

ग्रीक तत्त्वज्ञ-कवी एम्पेदोक्लेसच्या काव्यात देवांना 'दोलिखाइओन' हे विशेषण आहे. त्याचं मराठी 'अमर' करावं का, असा प्रश्न आला आहे. माझं मत : अजिबात करू नये.

शब्द फोडून पाहा. 'दोलिखोस' म्हणजे लांब, 'आइओन' म्हणजे आयुष्य. पहिला आपल्या 'दीर्घ'चा सख्खा भाऊ, दुसरा 'आयुस्'चा. म्हणजे 'दीर्घायू' अर्थाने तर जुळतोच, शिवाय त्याची दोन्ही पदं त्याच मुळांतून आलेली. अनुवादकाला याहून काय हवं? (ऑलिंपियातल्या लांब पल्ल्याच्या, दमसास पाहणाऱ्या शर्यतीचं नावही 'दोलिखोस'च, परंपरा ती इ.स.पू. ७२० पासूनची मानते. आपल्या वालाचं जुनं शास्त्रीय नाव 'डॉलिकोस लॅबलॅब', तेही यातूनच.)

अमर म्हणायला ग्रीकमध्ये होमरपासून 'अथानातोस' आहे. सिसिलीच्या या इ.स.पू. पाचव्या शतकातल्या कवीने इथे तो वापरला नाही, आणि संदर्भ पाहिला की कारण कळतं. झाडं, माणसं, पशुपक्षी, पाण्यातले मासे आणि देव, सगळे पृथ्वी, आप, तेज, वायू यांच्याच मिश्रणातून झाले, असं तो एका दमात सांगतो. मिश्रणातून झालेला देव मिश्रण विस्कटलं की संपणार. आयुष्य लांबलचक, पण त्याला शेवट आहे.

याचाच जुळा 'मक्राइओन' ('मक्रोस' म्हणजेही लांब). 'आंतिगोने' नाटकात सोफोक्लेस तो नियतिदेवतांना लावतो. एम्पेदोक्लेसकडे मात्र त्याला वेगळीच धार येते. रक्तपात केलेल्या, दीर्घ आयुष्य वाट्याला आलेल्या 'दाइमोन'ना, म्हणजे दैवी जीवांना, तीस हजार ऋतू धन्य देवांपासून दूर भटकावं लागतं. इथे मला अश्वत्थामा आठवतो, महाभारतात कृष्णाने तीन हजार वर्षं भटकायला लावलेला. म्हणून या ओळीत 'दीर्घायू'ही खटकेल. त्याला आपल्याकडे आशीर्वादाचा वास आहे. 'चिरजीवी' चालेल.

'मक्रोबिओस' हा शब्द तिसरा, बराचसा माणसांसाठीचा. त्यातला 'बिओस' म्हणजे आपला 'जीव'. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या दीर्घजीवी इथिओपियनांचं हेच विशेषण. त्यांना कुणी 'शतायू' सुचवेल, पण ते पुरणार नाही. उकडलेलं मांस आणि दूध यांवर ते म्हणे १२० वर्षं जगत.