मदत हवी आहे: रेड रॉक्सहून रात्री परत कसं यायचं?

कर्वेनगरकर
नमस्कार. पुढच्या महिन्यात रेड रॉक्सला शो आहे. तिकीट काढून झालंय. शो संपल्यावर रात्री परत कसं यायचं, एवढंच सांगा. शोधून शोधून डोकं उठलंय, प्रत्येक जण वेगळंच सांगतो. जे स्वतः जाऊन आलेत त्यांनीच कृपया लिहा. शुक्रवारपर्यंत ठरवायचंय.
बँडचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं की दोनशे प्रतिसाद त्यावरच येतात आणि प्रश्न राहतो बाजूला.

मोरपंखी
परत म्हणजे कुठे? पुण्याला?

खवचट_पेठकर
बाणेरला नवीन काही निघालंय का? हल्ली दर गल्लीत एक निघतं.

टेलीकास्टर
पेठकर, अमेरिकेत कोलोरॅडोतलं खुलं नाट्यगृह हो. डेन्व्हरच्या पश्चिमेला, मॉरिसन गावाजवळ. दोन तांबड्या कड्यांच्या मधल्या उतारावर बाकांच्या सत्तर ओळी, साडेनऊ हजारांच्या आसपास माणूस मावतं. १९४१ पासून सुरू आहे. १९६४ मध्ये बीटल्स येऊन गेले. १९८३ च्या जूनमध्ये यू-टू तिथे पावसात आणि धुक्यात वाजले, त्याचं चित्रीकरण आम्ही हॉस्टेलवर टेप झिजेपर्यंत पाहिलंय.
धागाकर्ते, हेवा वाटतो. बँडचं पहिलं अक्षर तरी सांगा.

कर्वेनगरकर
डेन्व्हरला परत. भाच्याकडे उतरतोय. आता सांगा.

डेन्व्हरची_सून
तिथे सरकारी बस वगैरे काही जात नाही. जाताना ॲपवरची टॅक्सी मिळते. खरी गंमत येताना. सगळे एकदम फोन काढतात, आणि डोंगरात रेंज आधीच यथातथा. भाच्यालाच न्यायला बोलवा की.

कर्वेनगरकर
भाच्याकडे गाडी असती तर धागा काढला असता का? विद्यार्थी आहे तो.

मोरपंखी
मग हे आधी लिहायचं!

गाडीवान
सरळ गाडी भाड्याने घ्या. पार्किंगचे वेगळे पैसे नाहीत, तिकिटातच आलं. मी अमेरिकेत अकरा राज्यांत गाडी चालवली आहे. दोन दिवसांत हात बसतो. आपल्या नवले पुलावरून जो सुखरूप जातो तो जगात कुठेही गाडी चालवू शकतो.

डेन्व्हरची_सून
गाडीवान, रेड रॉक्सहून कधी निघालात का शो सुटल्यावर? पावसाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी सिंहगडावरून गाड्या उतरतात ना, तस्सं. घाटात एकामागे एक लाल दिवे. आम्हाला नुसतं पार्किंगमधून बाहेर पडायला पाऊण तास लागला होता.

गाडीवान
रेड रॉक्सला नाही गेलो. पण तत्त्व तेच.

कर्वेनगरकर
मी चालवणार नाही. तिथे उजवीकडून, तीही रात्री, आणि परवाना काढायला वेळ नाही. पुढे बोला.

अनुभवी_आत्या
सोपा उपाय सांगते. शेवटची दोन गाणी सोडा आणि निघा. आमचे हे सवाईला कायम तसंच करतात. रिक्षाही मिळते, जिन्यात गर्दीही नसते.

टेलीकास्टर
आत्या, शेवटची दोन गाणी म्हणजे सगळ्यात मोठी दोन गाणी. सवाईतून भैरवीच्या आधी उठण्यासारखं आहे ते.

अनुभवी_आत्या
मग? उठतोच आम्ही. भैरवी रेकॉर्डिंगमध्ये ऐकता येते. आणि आता कसली भैरवी, रमणबागेतून मुकुंदनगरला गेल्यापासून आम्हाला परतीचंच टेन्शन. पूर्वी रात्रभर चालायचं तेव्हा हा प्रश्नच नव्हता, पहाटेच्या पहिल्या बसने घरी.

खवचट_पेठकर
आत्यांशी सहमत. रमणबाग ती रमणबाग. खाली सतरंजी, वर थंडी, शेजारी अनोळखी माणसाचा थर्मास.

कर्वेनगरकर
सवाईसाठी वेगळा धागा काढा, मीही येईन. आणि लवकर निघणार नाही, हा विषय बंद.
का ते एकदाच सांगतो. ९४ साली मित्राच्या मोठ्या भावाने मुंबईहून ओरिजिनल कॅसेट आणली होती. ती मी नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतली, डबल डेकवर. बी साइडला शेवटचं गाणं सुरू झालं आणि दीड मिनिटात टेप संपली. सोलो वर चढत जातो, गिटार एका सुरावर ताणली जाते, आणि खट्. बटण वर. चार वर्षं मला वाटायचं गाणं तिथेच संपतं. मित्रांना सांगायचो, काय धाडसी शेवट केलाय बघा. बायकोला भेटलो तेव्हा तिच्याकडे सीडी होती, तिने पुढचं ऐकवलं. तर ते गाणं हे लोक अजूनही शेवटीच वाजवतात. त्याच्या आधी मी उठणार नाही.

टेलीकास्टर
_/\_ आत्या, आता तरी?

अनुभवी_आत्या
बरं. पण गर्दीत पाकीट सांभाळा.

दगडू_भूशास्त्री
इतके प्रतिसाद झाले, दगडाबद्दल कुणी बोललं नाही. ते कडे वालुकाश्माचे, लोहाच्या ऑक्साइडमुळे तांबडे, वय साधारण तीस कोटी वर्षं. आपला सह्याद्री लाव्हाचा, बेसॉल्ट, तो साडेसहा कोटींच्या आसपासचा. म्हणजे आपला दगड त्यांच्यापुढे पोरसवदा. पाताळेश्वरच्या खांबावरून हात फिरवून जा आणि तिथल्या कड्यावरून फिरवा, फरक बोटांना कळेल.

मोरपंखी
काका, माहिती छान आहे, पण त्यांना टॅक्सी हवी आहे.

डेन्व्हरची_सून
मुद्द्यावर येते. शहरातून खासगी शटल बस सुटतात, शोच्या दिवशी. नेतात आणि परत आणतात. जागा आधी ऑनलाइन राखायची. शो संपल्यावर किती वेळ थांबतात ते राखताना नीट वाचा, आणि उतरवल्या जागेचा फोटो काढून ठेवा. अंधारात सगळे रस्ते सारखे दिसतात.
कर्वेनगरकर, डेन्व्हरला पोचताय कधी?

कर्वेनगरकर
शटल. चला, कुणीतरी उत्तर दिलं. धन्यवाद.
त्याच दिवशी दुपारी दीडला. शो साडेसातला.

मोरपंखी
त्याच दिवशी????

डेन्व्हरची_सून
अहो! दोन विमानं बदलून येणार, एक जरी चुकलं तरी संपलं. शिवाय विमानतळ शहराच्या एका अंगाला, रेड रॉक्स दुसऱ्या. आणि ती जागा समुद्रसपाटीपासून ६,४५० फुटांवर आहे. आपलं कळसूबाई ५,४०० चं. पुण्याहून निघून, न झोपता, थेट कळसूबाईच्या हजार फूट वर जाऊन पायऱ्या चढायच्या. पहिल्या दिवशी दम लागतो, डोकं धरतं. पाणी भरपूर प्या. बिअर तिथे पटकन चढते, तेव्हा ती जपून.

कर्वेनगरकर
साहेबांनी नऊच दिवस रजा दिलीय. पायऱ्या किती आहेत? गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

खवचट_पेठकर
अजून काही सांगायचं राहिलंय का? की ते शो झाल्यावर?

डेन्व्हरची_सून
मोजल्या नाहीत, पण पर्वती डोळ्यांसमोर आणा आणि तिथे थांबू नका. तिकिटावर रो कुठली आहे? स्टेज तळाशी, रो १ खाली, ७० सगळ्यात वर. चालायची अडचण असलेल्यांसाठी १ आणि ७० राखीव असतात. तुमची मधली असली तर वरून शिरता येईल का ते विचारा, उतरणं त्यातल्या त्यात बरं.

गाडीवान
ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला उतरणं जास्त वाईट. माझा स्वतःचा अनुभव आहे. चढणं चालतं.

डेन्व्हरची_सून
रेड रॉक्सला गेला नाहीत ना तुम्ही?

गाडीवान
गुडघा माझ्याकडे आहे.

टेलीकास्टर
छत्री नेऊ नका, आत सोडत नाहीत. रेनकोट न्या. शो पावसातही होतो, विजा असल्या तरच थांबवतात. २०२३ च्या जूनमध्ये अशी गारपीट झाली की ऐंशी-नव्वद जणांना लागलं, तो शो रद्दच करावा लागला. आणि बसायला उशी न्या, लाकडी फळ्या आहेत.

कर्वेनगरकर
अपडेट. साहेबांच्या हातापाया पडून एक दिवस वाढवला. विमान आदल्या दिवसाचं केलं, अकरा हजार जास्त गेले. शटलची एक जागा राखली. रो ५८ आहे, फिजिओ म्हणतात वरूनच उतरा, पण काठी घेऊन (गाडीवान, तुम्ही थोडे बरोबर). उशी तुळशीबागेतून आणली, दुमडणारी. डेन्व्हरच्या ताईंचे आभार, पुण्यात आलात की मिसळ माझ्याकडून.
एक राहिलं. बायको म्हणते, ती सीडी माझी होती, मी पण येणार. शेजारचं एक तिकीट कुणाकडे असेल का?

मोरपंखी
तारीख?

टेलीकास्टर
तिकीट शोधायचं तर आता बँडचं नाव सांगावं लागेल, साहेब.