मदत हवी आहे: वडिलांची जुनी जेना दुर्बीण (८×३०) दुरुस्त करू की नवी घेऊ?

नमस्कार मंडळी,

मुक्काम चिपळूण. घरात कार्ल झाइस जेनाची जेनॉप्टेम ८×३० (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ३० मिलिमीटरचं) दुर्बीण आहे. वडील बोटीवर होते. १९८१ साली जहाज पूर्व जर्मनीत रोस्टॉकला लागलं तेव्हा त्यांनी ती घेतली. धनेश आणि समुद्री गरुड मी पहिल्यांदा तिच्यातूनच पाहिले.

२०२१ च्या पुरात माळ्यावर होती म्हणून वाचली. पण चिखल उपसण्याच्या गडबडीत तिची आठवणच राहिली नाही आणि ओल्या घरात चामडी पेटीत ती तशीच पडून होती. (माहीत आहे, पेटीतून काढून ठेवायला हवी होती. बायकोने ऐकवून झालंय.)

आता डाव्या नळीतून धुरकट दिसतं. मोठ्या भिंगाकडून टॉर्च मारली की प्रिझमच्या (आतल्या, प्रकाश वळवणाऱ्या काचेच्या ठोकळ्याच्या) एका कोपऱ्यातून निघालेले, फाटे फुटलेले पांढरे धागे दिसतात. भिंग बाहेरून पुसून फरक नाही, म्हणजे बुरशी आतच आहे. उजवी नळी जवळजवळ स्वच्छ. फोकसचं चाक सकाळी घट्ट फिरतं, ग्रीस सुकलं असावं. एवढ्यावर मी निभावून नेत होतो.

पण गेल्या महिन्यात भाचा ती गळ्यात न अडकवता पडवीत घेऊन गेला आणि कठड्यावरून पडली. काचा शाबूत आहेत. मात्र तेव्हापासून दहा मिनिटं पाहिलं की कपाळ ठणकतं. विजेच्या तारेवर रोखून दुर्बीण डोळ्यांपासून वीतभर लांब धरली, तर डाव्या गोलातली तार उजव्यापेक्षा खाली दिसते. म्हणजे दोन्ही नळ्यांची जुळणी बिघडलीय. आडवा फरक डोळे थोडाफार सांभाळून घेतात, वर-खालचा नाही.

पुण्यातले एक कॅमेरा दुरुस्तीवाले म्हणाले, "साफ करून जुळवून देतो, साडेतीन हजार." कशावर जुळवणार विचारलं तर म्हणाले, "डोळ्यांनी. तीस वर्षं करतोय." मुंबईतले दुसरे म्हणाले, बुरशीने कोटिंग (काचेवरचा पातळ लेप) खाल्लं असेल तर डाग राहणार, आणि ते उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. मला दुसऱ्यांचं बोलणं जास्त खरं वाटलं, पण ते पैसेही जास्त सांगतायत.

नवी घ्यायची तर निकॉन मोनार्क एम५ ८×४२ डोक्यात आहे. आत नायट्रोजन भरलेला, पाण्याची भीती नाही. कोकणात हे मोठंच. पण हजार मीटरवर जेना १५० मीटर रुंदीचं दृश्य दाखवते, मोनार्क ११२. उडत्या धनेशामागे फिरताना हा फरक जाणवतोच.

माझे प्रश्न: पडलेली पोरो (जेनासारखी, नळ्या पायरीसारख्या वळलेली) दुर्बीण डोळ्यांच्या अंदाजाने नीट जुळते का? आणि प्रिझमवर बुरशी किती खोल गेलीय हे उघडण्याआधी कळायला काही मार्ग?

प्रतिसाद:
दादा, आधी एक सांगा, चष्मा लावून बघता की काढून? जेनॉप्टेमला चष्म्यातून बघताना कडेचं बरंच दृश्य कापलं जातं. तसं असेल तर तुमचे १५० मीटर कागदावरच. आणि संध्याकाळी झाडीत ८×३० मधून डोळ्यात पोचणारा प्रकाशाचा झोत पावणेचार मिलिमीटरचा, ८×४२ मधून सव्वापाचचा, म्हणजे ती जास्त उजळ.

जुळणीचं म्हणाल तर, पडल्यावर बहुतेक वेळा प्रिझमच जागेवरून हलतो. तो आधी नीट बसवायचा आणि मग मोठ्या भिंगाभोवतीच्या एक्सेंट्रिक (मध्य एका बाजूला सरकलेल्या) रिंगा फिरवून बारीक जुळवायचं. कारागिराला एवढंच विचारा, "त्या रिंगा उघडता का?" नुसते स्क्रू पिळून प्रिझम ढकलणारा असेल तर देऊ नका. बुरशीचं उघडल्याशिवाय कळणार नाही. फक्त डावी नळी उघडायला सांगा. साफ केल्यावर टॉर्चखाली धाग्यांची सावली तशीच दिसली तर कोटिंग गेलं, तिथेच थांबायचं. घरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नका, प्लीज.

धागाकर्ता:
चष्मा आहे, चार वर्षांपासून. आत्ता मुद्दाम लावून आणि काढून, दोन्ही पद्धतींनी समोरच्या माडाकडे पाहिलं. चष्म्यातून झावळ्यांची दोन्ही टोकं कापली जातायत. इतके दिवस मी त्याचा दोष बुरशीला देत होतो.

पुण्याला फोन केला. रिंगांचं विचारलं तर म्हणाले, "त्याची गरज पडत नाही." शनिवारी मुंबईला नेतोय, फक्त डावी नळी उघडायला. मोनार्कचं पगार झाल्यावर बघू. पण ती दुकानात जाऊन, चष्मा लावूनच घेणार.