गाडी विकायला काढताना धुणं-पुसणं: तुमचे अनुभव

रानजाई
खालच्या मजल्यावरच्या काकांनी वॅगनआर विकायला काढलीय. सकाळपासून पार्किंगमध्ये मॅट उन्हात टाकून बसलेत. शेजारी गाडीतून निघालेला ढीग: दोन छत्र्या, शटलकॉक, कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका, एका पायातला मोजा. ते बघून आमची मारुती ८०० आठवली. पांढरी, एमएच-०९. ती द्यायच्या आदल्या दिवशी अख्खं घर जुंपलेलं. आजी चिंचेचा कोळ घेऊन आली, डॅशबोर्डवरचा पितळी गणपती घासायला. बाबा म्हणाले, "आई, गणपती आपल्याकडेच राहणार आहे." तरी घासला. गाडी घ्यायला आलेले गृहस्थ इचलकरंजीचे. त्यांनी थेट बॉनेट उघडलं, डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढून पुसली, परत बुडवून बघितली, ऑइलच्या झाकणाची आतली बाजू बघितली आणि आमच्या चकाकीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आजी केवढी चिडली होती!
लिहा तुमचे. विकणाऱ्यांचे, घेणाऱ्यांचेही.

गंधार७
स्टेपनीखाली मटकी. मोड आलेली. बाकी मी काही बोलत नाही.

रानजाई
@गंधार७ उसळ केलीत का? 😂

वेतोबाचो_झील
आमच्यात बांगडे. खोक्यातला बर्फ वितळला नि पाणी मागच्या सीटच्या फोममध्ये. शाम्पू झाला, रात्रभर खायचा सोडा पसरून झाला, कापूर झाला, कॉफी पावडर वाटीत ठेवून झाली. शेवटी सीटच काढून गच्चीवर कडक उन्हात टाकली, तेव्हा फरक पडला. वास मारायला वर सेंट अजिबात मारू नका, घेणाऱ्याला उलट शंका येते. आमचा गिऱ्हाईक वेंगुर्ल्याचा निघाला. दार उघडल्यान, नाक वर केल्यान नि म्हणता, "बांगडो मां?" घासाघीस न करता घेऊन गेलो.

ग्यारेजवालीण
कुकर लावलाय, घाईत लिहिते. आमचं गॅरेज आहे, रोज हेच बघते.
इंजिन प्रेशरने धुऊ नका. अल्टरनेटरमध्ये (बॅटरी चार्ज करतो तो), सेन्सरच्या कनेक्टरमध्ये पाणी गेलं की दाखवायच्या दिवशीच गाडी रुसते. शिवाय जुन्या गाडीचं इंजिन आरशासारखं दिसलं की जाणकार माणूस म्हणतो, गळती पुसलीय. ओलसर फडकं पुरे. बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा थर कोमट पाण्यात सोडा घालून जुन्या ब्रशने काढा, पण आधी वायर सोडवा. पुढच्या काचेखाली वायपरच्या जाळीत पानं साचतात, ती काढा. पाणी तिथूनच आत येतं नि पायाखालचं कार्पेट कुजतं. एसीचा वास म्हणजे बहुतेक वेळा केबिन फिल्टर. स्वस्त असतो, बदलूनच टाका.
बारीक ओरखड्यांना रबिंग-पॉलिश ठीक. पण एकच दार रंगवून आणू नका हो! एका दाराची छटा वेगळी दिसली की ठोकलेली गाडी म्हणून भाव पाडतात. तो ओरखडा राहू दे, खरं सांगा. आणि ते चकचकीत पॉलिश स्टिअरिंगला नि पेडलला कुणी लावू नका, हातपाय घसरतात.
शिट्टी झाली, आले.

तिरंगी_बर्फी
+१ दाराबद्दल. ताई, किती शिट्ट्या झाल्या?

ग्यारेजवालीण
मोजायच्या राहिल्या. वरणाचं पिठलं झालंय.

अवनी_के
तूरडाळ अर्धा तास भिजवली तर दोन शिट्ट्यांत होते. हिंग आधीच घालते मी.

तिरंगी_बर्फी
हिंग आधी?? फोडणीत घालायचं ना!

पासिंगवाला
वरण बाजूला ठेवून कागदांकडे या. कागदांची साफसफाई कुणी करत नाही. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. कर्जाची गाडी असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि कर्जाची नोंद काढायला फॉर्म ३५. दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत जाणार असेल तर आरटीओच्या एनओसीसाठी फॉर्म २८. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) बसवून घ्या. ई-चलनं भरून टाका, घेणारा फोनवर तिथल्या तिथे तपासतो. सीएनजी किट आरसीवर चढवलेलं हवं.
आणि नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुमचा असतो, गाडीचा नाही. विमा कंपनीकडून तसं पत्र घेतलंत तर पुढच्या गाडीला वापरता येतो. लोक ५०% पर्यंतची सूट सोडून देतात नि पॉलिशवर हजारो घालवतात.

चिमणराणी
फास्टॅग राहिला! मावसभावाने गाडी दिली, टॅग बंद केला नाही. खेड शिवापूरचे पैसे कापल्याचे मेसेज याच्या फोनवर. मावशी म्हणाली, असू दे, गाडी सुखात आहे एवढं तरी कळतं.

गंधार७
मावशींना नमस्कार 🙏

मुक्काम_नाशिक
ब्लूटूथ पण साफ करा रे. मी सेकंडहँड घेतली, स्क्रीनवर आधीच्या मालकाची फोनबुक जशीच्या तशी. "आत्या पैसे परत" असं नाव सेव्ह होतं. अजून विचार करतोय.

सांजसावली
बाबा गेल्यावर त्यांची सँट्रो काढली. धुवायला जमेना, भावाने धुतली. पुढच्या कप्प्यात वही होती. तारीख, किलोमीटर, किती लिटर, टायरमधली हवा. मधेच कुठेतरी "घाटात छान ओढली". घेणाऱ्याने ती वहीच मागितली, म्हणाला सर्व्हिस बुकपेक्षा यावर जास्त विश्वास आहे. झेरॉक्स काढून दिली.

रानजाई
@सांजसावली 💛 झेरॉक्स दिलीत हे फार बरं केलंत.

वेतोबाचो_झील
अशा मालकाची गाडी डोळे मिटून घ्यावी.

अवनी_के
मागच्या काचेवर लेकीने कार्टूनची स्टिकरं चिकटवलीत, उद्या माणूस बघायला येतोय. ब्लेडने काढू का?

ग्यारेजवालीण
ब्लेड नको! त्या काचेवर आडव्या तांबूस रेघा असतील तर त्या डिफॉगरच्या (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या) तारा असतात, कापल्या तर मेल्या. हेअर ड्रायरने गरम करा, कोपऱ्यातून हळू ओढा, राहिलेल्या चिकटीला खोबरेल. मग साबणाचं पाणी.

अवनी_के
खोबरेल आहे, ड्रायर बहिणीने नेलाय 😭